लष्करी अधिकाऱ्याची पदके : शौर्य, सेवा आणि संधी

लष्करी अधिकाऱ्याच्या गणवेशावर डाव्या खिशाच्या वर रंगीत फितींच्या ओळी असतात. बहुतेक लोक त्यांच्याकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहतात. वास्तविक तो एक मजकूर आहे. त्याची लिपी ठाऊक असली तर तो माणूस कुठल्या युद्धात होता, कुठे प्राणावर उदार झाला, किती उंच पदावर पोहोचला, हे एका दृष्टिक्षेपात कळते. लिपी ठाऊक नसली तर सारी पदके सारखीच दिसतात आणि मग भाषणांतून 'छातीभर पदके' असा एक मोघम शब्दप्रयोग तेवढा उरतो.

आपल्या चळवळीला हा मजकूर वाचता येणे आवश्यक आहे. दर वर्षी १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापाशी महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक पदके लावून मानवंदनेला उभे राहतात. खेड्यापाड्यांतील अनेक घरांत आजोबा-पणजोबांची पदके पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली असतात. त्यांपैकी कोणते पदक कशासाठी मिळाले, हे मात्र नातवंडांना सांगता येत नाही. हे अज्ञान आपल्या इतिहासाला परवडणारे नाही. म्हणून पदकांची व्यवस्था काय आहे, ती कोणाला काय देते आणि ती मुळात कोणाला खुली होती, हे येथे क्रमाने पाहू.

१

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सैनिकाच्या छातीवरील प्रत्येक पदक हा सन्मान नसतो. एखाद्या मोहिमेत किंवा विशिष्ट भागात सेवा केली म्हणून त्या मोहिमेतील सर्वांना मिळणारी पदके असतात. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी दीर्घ सेवा पदके असतात. ही पदके हजेरीची साक्ष देतात. एका व्यक्तीला निवडून, तिच्या नावाने, तिच्या विशिष्ट कृतीसाठी वा कामगिरीसाठी जे दिले जाते तेच खऱ्या अर्थाने अलंकरण. त्याचे दोन मोठे वर्ग आहेत : शौर्य आणि विशिष्ट सेवा.

शौर्याच्या वर्गात पुन्हा दोन शाखा आहेत. शत्रूच्या समोर गाजवलेल्या पराक्रमासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. ही तिन्ही २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी, महावीर चक्राची अर्धी पांढरी व अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी व अर्धी केशरी. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. त्या जन्माने युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या या देशाच्या झाल्या. आजवर अवघी २१ परमवीर चक्रे दिली गेली आणि त्यांपैकी १४ मरणोत्तर होती. या पदकाची किंमत काय असते, ते या दोन आकड्यांवरून समजावे.

दुसरी शाखा शत्रूच्या प्रत्यक्ष रणांगणाबाहेरील शौर्याची. ४ जानेवारी १९५२ रोजी अशोक चक्र वर्ग एक, दोन व तीन अशा नावांनी ती सुरू झाली. १९६७ मध्ये त्यांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही नावे मिळाली. हिरव्या फितीवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन केशरी रेघा, ही त्यांची खूण.

विशिष्ट सेवेची पदके २६ जानेवारी १९६० ला आली. तीही आधी वर्ग एक, दोन, तीन अशीच होती. १९६७ नंतर परमविशिष्ट सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक अशी त्यांची नावे झाली. पिवळ्या फितीवर एक, दोन आणि तीन गडद निळ्या रेघा. पुढे २६ जून १९८० ला युद्धकाळातील विशिष्ट सेवेसाठी सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा अशी तीन पदके निराळी काढली गेली. त्यापूर्वी युद्धात सैन्याचे उत्तम नेतृत्व करणाऱ्या सेनापतींनाही परमविशिष्ट सेवा पदकच दिले जाई. या दोन्ही वर्गांच्या सीमेवर सेना पदक उभे आहे. ते १९६० चेच. धाडसासाठीही मिळते आणि असाधारण कर्तव्यनिष्ठेसाठीही मिळते.

२

आता हे पदक हाती कसे येते ते पाहू. रणांगणावर घडलेले शौर्य आपोआप पदक होत नाही. ते आधी कागद व्हावे लागते. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस लिहितो. घटना पाहणाऱ्यांची साक्ष त्यात येते. मग ती शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी एकेक पायरी चढत लष्कराच्या मुख्यालयात आणि संरक्षण मंत्रालयात जाते. शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी. प्रत्येक पायरीवर ती शिफारस तशीच राहू शकते, खालच्या पदकावर उतरवली जाऊ शकते किंवा थांबू शकते.

म्हणजे पदकासाठी शूर माणूस लागतो, पाहणारा लागतो आणि लिहिणारा लागतो. ज्याच्या शौर्याला साक्षीदार उरला नाही किंवा ज्याच्याविषयी वरच्याने लेखणी उचलली नाही, त्याचे शौर्य घडूनही नोंदीत येत नाही. ज्यांच्या इतिहासाची लेखणी शतकानुशतके दुसऱ्याच्या हातात होती, त्यांना हा मुद्दा फार समजावून सांगण्याची गरज नाही.

सेवा पदकांचे गणित वेगळे आहे. नियमाप्रमाणे विशिष्ट सेवा पदके सर्व हुद्द्यांना खुली आहेत. प्रत्यक्षात मात्र परमविशिष्ट सेवा पदक सामान्यतः लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यावर पोहोचलेल्यांना मिळते. अतिविशिष्ट त्याच्या खालच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. यात अन्यायच आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. डिव्हिजनचा सेनापती एक निर्णय चुकला तर हजारो जवान मरतात. तो बरोबर ठरला तर हजारो घरे वाचतात. रस्ते, पूल, इस्पितळे, रसद हे सारे सांभाळण्यातही आयुष्य खर्ची पडते. त्या कामाला मान मिळालाच पाहिजे. परंतु ते काम करण्याची संधी पदामुळे मिळते आणि पद वर्षांनी, शिक्षणाने व आरंभीच्या पायरीने मिळते. शौर्य कोणत्याही हुद्द्याचा माणूस एका रात्रीत गाजवू शकतो. मोठी सेवा करायची तर आधी मोठ्या जागेवर बसावे लागते.

३

एकाच शाखेतील दोन माणसे शेजारी ठेवली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. दोघेही खडकीच्या बॉम्बे सॅपर्सशी, म्हणजे लष्करी इंजिनिअरांशी जोडलेले. दोघांचे शौर्यही एकाच जातीचे : सुरुंग काढणे.

पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीतून ते १९३९ मध्ये अधिकारी झाले. १९४१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सेकंड लेफ्टनंट असताना ते अबिसिनियाच्या आघाडीवर इटालियन फौजेचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या पुढे होते. ३१ जानेवारीपासून चार दिवसांत, ५५ मैलांच्या वाटेवर, सुरुंग पेरलेले १५ पट्टे त्यांनी शोधून मोकळे केले. त्यांची गाडी दोनदा सुरुंगाने उडाली. एकदा शत्रूने दबा धरून गोळीबार केला. कानाचा पडदा फाटला. तरी ९६ तास त्यांनी काम सोडले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात ते लेफ्टनंट जनरल झाले. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स यांच्याबरोबर त्यांनी केली. परमविशिष्ट सेवा पदक त्यांना मिळाले. शौर्य आणि सेवा या दोन्ही वर्गांतील सर्वोच्च पंक्तीचा मान एकाच छातीवर आला, आणि तोही एक साम्राज्याकडून व दुसरा प्रजासत्ताकाकडून.

दुसरे रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० मध्ये ते साधे सॅपर म्हणून, म्हणजे शिपाई म्हणून, भरती झाले. अधिकारी व्हायला त्यांना डिसेंबर १९४७ उजाडला. अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या आघाडीवर नौशेरा ते राजौरी ही वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी बंद केली गेली होती. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस राणे जखमी असूनही शत्रूच्या गोळीबारात रणगाड्यांच्या पुढे राहून ती वाट उघडत गेले. राजौरी हाती आली. राणे यांना परमवीर चक्र मिळाले. ते जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. १९६८ मध्ये, २८ वर्षांच्या सेवेनंतर, ते मेजर म्हणून निवृत्त झाले.

चार दिवस तेही, चार दिवस हेही. सुरुंग तेही, सुरुंग हेही. धैर्याच्या तराजूत दोन्ही पारडी सारखी आहेत. पण एकाने अकादमीच्या दारातून प्रवेश केला आणि दुसऱ्याने शिपायाच्या रांगेतून. सेवेच्या दीर्घ वाटचालीत हे दोन प्रवेश माणसाला वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतात. राणे यांची निष्ठा उणी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु परमविशिष्ट सेवा पदक ज्या खुर्चीवर बसल्यावर मिळते, ती खुर्ची मेजरच्या हुद्द्यापासून फार लांब होती.

४

आता पदकांचा अधिकृत अनुक्रम पाहू. फिती छातीवर मनाला येईल तशा लावता येत नाहीत. सर्वांत वरच्या ओळीत, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला सर्वांत मोठा मान. तेथून उजवीकडे आणि खाली उतरत जायचे. या क्रमात परमवीर चक्र आणि त्यामागोमाग अशोक चक्र लष्करी सन्मानांत सर्वांच्या वर आहेत. त्याबद्दल वाद नाही. परंतु त्यानंतर काय? सर्वोत्तम युद्ध सेवा पदक आणि परमविशिष्ट सेवा पदक ही आधी येतात. महावीर चक्र त्यांच्या खाली. तसेच अतिविशिष्ट सेवा पदक आधी आणि वीर चक्र नंतर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. १९७१ च्या युद्धात पूर्व बंगालमधील शमशेरनगरच्या लढाईत महार रेजिमेंटच्या अनुसूया प्रसाद या तरुण शिपायाने प्राण दिला. त्याला मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. राष्ट्राच्या अधिकृत क्रमात त्याच्या या पदकाची जागा, शांततेच्या काळात उत्तम कारभार केल्याबद्दल एखाद्या लेफ्टनंट जनरलला मिळालेल्या परमविशिष्ट सेवा पदकाच्या खाली आहे. हा कोणा एका सेनापतीचा दोष नव्हे. सेवा पदकांचा मान कमी करा असेही येथे सुचवायचे नाही. परंतु जो क्रम देह ठेवणाऱ्या शिपायाला खुर्ची सांभाळणाऱ्याच्या खाली बसवतो, तो क्रम केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. पदाला कर्तृत्वापेक्षा वरचढ मानण्याची आपल्या समाजाची जी जुनी सवय आहे, तिची छाया त्यावर पडली आहे.

न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शौर्य पदकांना सरकारकडून मासिक भत्ता मिळतो, विशिष्ट सेवा पदकांना तसा मिळत नाही. २०१७ मध्ये हा भत्ता वाढवून परमवीर चक्राला २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्याबद्दलच्या सेना पदकाला २,००० असा ठरवण्यात आला. म्हणजे पैशाच्या बाबतीत राष्ट्राने शौर्याची आठवण ठेवली आहे. मानाच्या रांगेत मात्र पदाला झुकते माप दिले आहे.

५

येथवर आपण सैन्याच्या आत असलेल्यांचा विचार केला. परंतु पदकाची पहिली अट शौर्य नव्हे. पहिली अट म्हणजे सैन्यात प्रवेश. भगतांनी ते ९६ तास गाजवले ते फेब्रुवारी १९४१ च्या आरंभी संपले. त्या दिवशी महार तरुणांची एकही पलटण ब्रिटिश हिंदी सैन्यात नव्हती. ती उभी राहायला आणखी आठ महिने लागले. असे का व्हावे?

शौर्याचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन दिवसभर लढली. तिच्या स्मारकस्तंभावर कंपनीच्या बाजूने मेलेल्यांची जी ४९ नावे आहेत, त्यांत नावाअखेर 'नाक' असलेली २२ नावे महारांची मानली जातात. पण त्यांच्या पदकांचे काय झाले? त्या काळच्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' हे पदक मंजूर झाले ते १८५१ मध्ये, लढाईनंतर ३३ वर्षांनी. त्यावर कोरेगावच्या नावाची पट्टी होती. मात्र ते फक्त तेव्हा हयात असलेल्यांसाठी होते. जे कोरेगावला पडले त्यांना दगडावरचे नाव तेवढे मिळाले.

शौर्य आणि सेवा हे दोन वर्ग कंपनीच्या काळातही होते. १८३७ मध्ये कंपनीने देशी सैनिकांसाठी दोन सन्मान सुरू केले. शौर्यासाठी 'ऑर्डर ऑफ मेरिट' आणि देशी अधिकाऱ्यांच्या दीर्घ व एकनिष्ठ सेवेसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया'. दुसऱ्याच्या मानकऱ्यांना 'सरदार बहादूर' आणि 'बहादूर' असे किताब मिळत. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये निघाला, पण तो हिंदी सैनिकांना १९११ पर्यंत मिळू शकत नव्हता. गोऱ्याचे शौर्य आणि काळ्याचे शौर्य यांची पदके वेगळी होती. त्यातही देशी माणूस सुभेदार-मेजरच्या वर चढू शकत नव्हता. हिंदी तरुणांना राजाची सनद देऊन पूर्ण अधिकारी करण्यास सुरुवात झाली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस.

या भेदाखाली आणखी एक भेद होता. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदी सैन्याचा सरसेनापती होता. काही जाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या लढण्यास नालायक, असा सिद्धान्त त्याच्या काळात सरकारी धोरण झाला. जातवार कंपन्या उभारल्या जाऊ लागल्या. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्यांच्या नावांचा दगडी स्तंभ साम्राज्याने स्वतः उभारला होता, त्यांनाच साम्राज्याने कागदावर बिनलढाऊ ठरवले. वर्णव्यवस्थेने जे सांगितले त्यावर साहेबाने शिक्का मारला एवढेच.

या बंदीची झळ पदकांपुरती नव्हती. सैन्य म्हणजे पगार, पेन्शन आणि शाळा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. लष्कराच्या छावणीत शिकलेल्या या पिढीनेच पुढच्या जागृतीची पहिली भाषा घडवली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवून सैन्य आणि पोलीस यांची दारे उघडण्याची मागणी केली. हे अर्ज म्हणजे केवळ नोकरीच्या विनवण्या होत्या असे समजणे चूक आहे. शौर्य सिद्ध करण्याचा हक्क माणसाला असला पाहिजे, अशी ती मागणी होती.

साम्राज्याला माणसे हवी झाली तेव्हा दार किलकिले झाले. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज सरली, आणि १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रसंग आला. या वेळी मात्र संरक्षण सल्लागार समितीवर बाबासाहेब होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कोरेगावचा स्तंभ तिच्या टोपीवरच्या चिन्हात आला.

हिशेब साधा आहे. १८९२ ते १९४१ या सुमारे पन्नास वर्षांत १९१७ ते १९२१ ही चार वर्षे सोडली तर या समाजाला सैन्यात जागाच नव्हती. त्या काळातील पदकांच्या याद्यांत आपली नावे विरळ आहेत, म्हणून कोणी आपल्या शौर्याविषयी शंका घेत असेल तर त्याला हा हिशेब दाखवावा. परीक्षेला बसूच दिले नाही, त्याला नापास म्हणता येत नाही.

६

स्वातंत्र्यानंतर महार रेजिमेंट मोडली नाही, वाढली. सागर हे तिचे केंद्र झाले. तिच्यात निरनिराळ्या प्रांतांचे आणि जातींचे जवान येऊ लागले. 'महार' हे नाव, जे गावकुसाबाहेरचे म्हणून उच्चारले जाई, ते आता सर्व जातींचे जवान खांद्यावर मिरवू लागले. या घटनेचे सामाजिक मोल कोणत्याही पदकापेक्षा कमी नाही.

या रेजिमेंटच्या इतिहासात १९८७ या वर्षी पदकांचे दोन्ही वर्ग समोरासमोर आले. त्या वेळचे भारताचे सरसेनापती जनरल के. सुंदरजी. १९४६ मध्ये त्यांची पहिली नेमणूक महार रेजिमेंटमध्येच झाली होती. त्यांच्या आधी, १९८१ ते १९८३ या काळात सरसेनापती असलेले जनरल के. व्ही. कृष्णराव हेही १९४२ मध्ये याच रेजिमेंटमधून आलेले. दोघांच्याही छातीवर परमविशिष्ट सेवा पदक होते. दोघेही सेवेच्या वाटेने शिखरावर पोहोचले.

त्याच १९८७ मध्ये भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. ८ महार ही पलटण तिच्यात होती. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या एका तुकडीवर दबा धरून बसलेल्या सशस्त्र गटाने हल्ला केला. तुकडीचे नेतृत्व मेजर रामस्वामी परमेश्वरन करीत होते. जन्म मुंबईचा, बी.एस्सी. मुंबईत, १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी. ते मागच्या बाजूने वळसा घालून हल्लेखोरांवर चालून गेले. समोरासमोरच्या झुंजीत छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि कोसळेपर्यंत आपल्या माणसांना आज्ञा देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र. महार रेजिमेंटचे हे एकमेव परमवीर चक्र.

पंधरा वर्षांची सेवा, मेजरचा हुद्दा आणि राष्ट्राचा सर्वोच्च सन्मान. या एका पदकाच्या बाबतीत व्यवस्था हुद्दा पाहत नाही. सरसेनापतीचे सेवा पदकही त्याच्या खालीच बसते. म्हणजे माणसाच्या कृतीला पदापेक्षा वर ठेवणे व्यवस्थेला अशक्य आहे असे नाही. शिखरावर तिने ते केले आहे. एक पायरी खाली उतरताच मात्र तिला हुद्दा आठवतो.

७

या सगळ्यातून कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट नोंदीची. आपल्या वस्तीतील प्रत्येक सैनिक-घराची पदके पाहावीत. मोहिमेचे पदक कोणते, दीर्घ सेवेचे कोणते, शौर्याचे कोणते, हे ओळखून लिहून ठेवावे. अनेक पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. ते भिंगाने वाचावे. पदकासोबत आलेले कागद, पेन्शनचे पुस्तक, पलटणीचे पत्र हे जुन्या कागदांच्या रद्दीत जाऊ देऊ नये. एका शाळेच्या इतिहासाच्या शिक्षकाला विद्यार्थ्यांकडून एका वर्षात होण्यासारखे हे काम आहे. जे लिहिले गेले नाही ते घडले नाही असे मानणाऱ्या जगात आपल्याला राहायचे आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या सभांतून शौर्याचा गौरव होतो तो बहुधा अठराशे अठरापाशी येऊन थांबतो. कोरेगावचा स्तंभ आपला आहेच. पण १८९२ चे बंद दार, १९१० चे निवेदन, १९२१ ची मोडलेली पलटण आणि १९४१ ची नवी पलटण हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. पराक्रमाइतकाच हक्काचा लढाही सांगितला गेला पाहिजे. नाहीतर आपण ज्या 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताने बाहेर फेकले गेलो, तोच सिद्धान्त उलटा करून स्वतःच्या डोक्यावर मिरवू लागू. शौर्य कोणत्याही जातीच्या रक्तात नसते. ते संधी मिळालेल्या माणसात प्रकट होते.

तिसरी गोष्ट संधीची. सैन्याच्या भरतीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नाहीत. शिपाई होण्याची परंपरा आपल्या घरांत आहे. अधिकारी होण्याची वाट मात्र बारावीच्या वर्गातून सुरू होते आणि त्या वयात त्या वाटेची माहिती देणारे घरात कोणी नसते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, १९६१ पासूनची साताऱ्याची सैनिक शाळा, अधिकारी-परीक्षेची तयारी करून घेण्यासाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू केलेली संस्था, या सर्व महाराष्ट्रातच आहेत. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश आहे. वस्तीतील किती मुलामुलींना या नावांची ओळख आहे, याचा शोध शिक्षकांनी घ्यावा. राणे शिपायाच्या रांगेतून परमवीर चक्रापर्यंत गेले, ही त्यांची थोरवी. परंतु प्रत्येक पिढीने पुन्हा त्याच रांगेतून सुरुवात करावी, अशी अपेक्षा कोणत्याही समाजाकडून ठेवणे अन्याय्य आहे.

आणि शेवटी पदकांच्या क्रमाचा प्रश्न. महावीर चक्राची जागा सेवा पदकांच्या वर असावी की नाही, हा प्रश्न लष्करी शिष्टाचाराच्या तज्ज्ञांवर सोडून देण्याचे कारण नाही. ही पदके राष्ट्रपतींच्या हातून, म्हणजे जनतेच्या नावाने दिली जातात. जनतेला त्यांच्याविषयी विचारण्याचा अधिकार आहे. ज्या राज्यघटनेने जन्माने आलेली उतरंड रद्द केली, तिच्याच प्रजासत्ताकाने मानाच्या उतरंडीत प्राण देणाऱ्या शिपायाला कोठे बसवले आहे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांत आधी त्यांना आहे, ज्यांना शिपाई होण्यासाठीही पन्नास वर्षे अर्ज करावे लागले.